तबेल्यातली सुनावणी

मित्रांनो, मी गाढवीण आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना हसायचे आहे त्यांचे हसून होईल. आता मी म्हातारी झाले आहे. पुढचे दात झिजले आहेत, गुडघे कुरकुरतात आणि उजव्या कानाने जरा कमीच ऐकू येते. पण डाव्या कानाने मी एकदा जे ऐकले, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सँडलथॉर्प गावातला. जन्मले तेव्हा माझा रंग काकवीसारखा होता, म्हणून मालकीणबाईंनी माझे नाव ट्रेकल ठेवले. ट्रेकल म्हणजे इकडची काकवीच. तुमच्या मराठीत 'गाढवाला गुळाची चव काय' असे विचारतात म्हणे. मी तर गुळाच्या सख्ख्या बहिणीचे नाव लावते, तेव्हा मला ते लागू होत नाही.

मालकीणबाई म्हणजे मेव्हिस. तिचा बाप समुद्रकिनाऱ्यावर गाढवांची फेरी चालवायचा, त्याच्यामागे मेव्हिस चालवू लागली. उन्हाळा लागला, की आम्ही गाढविणी वाळूवर रांगेत उभ्या राहायचो. कपाळपट्टीवर रंगीत अक्षरांत नाव, गळ्यात घुंगरू, पाठीवर लाल खोगीर. शहरातली मुले आगगाडीतून उतरली, की बादली आणि फावडे टाकून आधी आमच्याकडे धावत. एक मुलगा तर फेरी संपल्यावर माझ्या मानेला मिठी मारून बसला. त्याच्या आईने, बापाने आणि मेव्हिसने मिळून ओढला, तरी तो उतरेना. शेवटी मीच हळूच खाली बसले.

नाताळात चर्चमधल्या नाटकात मरियमला पाठीवर घेऊन जायचा मान माझा असे. दर वर्षी लोक टाळ्या वाजवत. एकदा मी बाळ येशूच्या गव्हाणीतले गवत खाल्ले, त्या वर्षी टाळ्या सर्वांत जास्त पडल्या.

पण मित्रांनो, चांगले दिवस वाळूवरच्या पावलांसारखे असतात. माझे वय झाले. म्हाताऱ्या गाढवाच्या पाठीवर मुले बसवू नयेत, असा नियम आहे, आणि नियम चांगलाच आहे. मेव्हिसचेही गुडघे गेले. तिने फेरी बंद केली आणि आम्हाला घरामागच्या कुरणात आणून ठेवले. दाणापाणी वेळेवर मिळे, खुरे कापायला माणूस येई. उणे काहीच नव्हते. नुसते कुणी येत नव्हते. पाऊस पडे, थांबे, पुन्हा पडे. मी कुंपणापाशी उभी राहून रस्त्यावरची मुले पाही. ती हातातल्या फोनकडे बघत निघून जात. मला वाटे, आपले आयुष्य झाले. आता मेव्हिसच्या तक्रारी ऐकायच्या आणि गवत चघळायचे.

अशात एका सकाळी मेव्हिसची लेक लिंडा कुरणात आली. ज्यांचे आईबाप जवळ नाहीत अशी मुले सरकार लिंडाच्या घरी ठेवते, आणि लिंडा त्यांना आपली म्हणून सांभाळते. तिच्याबरोबर पंधरा वर्षांची एक काळीसावळी, किडकिडीत मुलगी होती. अंगातल्या कोटाची टोपी तिने नाकापर्यंत ओढली होती.

"आई, ही कलतुमा," लिंडा म्हणाली. "घरात नुसती भिंतीकडे बघत बसते. म्हटलं, तुझी जनावरं तरी दाखवावीत."

"ये गं पोरी," मेव्हिस म्हणाली. "सांभाळून हं, ती ट्रेकल लाथ मारते."

मी आजन्म कुणाला लाथ मारलेली नाही. पण मेव्हिसला पाहुण्यांना घाबरवायची खोडच आहे.

कलतुमा घाबरली नाही. शहरातली मुले करतात तसे तिने माझ्या नाकावर थोपटलेही नाही. ती बाजूने आली, माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली, मग वाकून तिने माझा पुढचा पाय उचलला. खुरात एक खडा रुतला होता. तिने तो बोटाने काढला, मेव्हिसला दाखवला आणि जिभेने 'च्च' केले.

"बघा!" मेव्हिस म्हणाली. "पाच मिनिटं झाली नाहीत येऊन, आणि मला रागावतेय!"

पण मला ठाऊक आहे, ती खूश झाली होती. कलतुमाने खुणेने माझे नाव विचारले. मेव्हिसने सांगितले, पण नुसते सांगून तिचे भागेना. ती लंगडत घरात गेली आणि काकवीचा डबाच घेऊन आली. कलतुमाने बोट बुडवले, चाखले, आणि क्षणभर तिचा चेहरा असा झाला, की जणू कुणी लांबून हाक मारली.

"असल," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती मला असल म्हणू लागली. आम्हाला वाटले, पोरीने लाडाचे नाव ठेवले.

ती रोज येऊ लागली. मला खरारा करी, पाणी बदली, आणि सतत बोले. तिची भाषा मसालित. मला त्यातले अक्षर कळत नसे. पण गाढवाला भाषा कळावी लागत नाही, आवाज कळतो. कधी तो आवाज हसरा असे, कधी कापरा. इंग्रजी शब्द तिच्या जिभेवर एकेक करून येत होते. मेव्हिसला ती हबोबा म्हणू लागली. तिच्या देशात आजीला हबोबा म्हणतात. पहिल्यांदा ते ऐकले, तेव्हा मेव्हिस पाठ फिरवून बराच वेळ उगाचच दाराची कडी घासत राहिली.

कलतुमा सुदानमधल्या दारफूरची. तिच्या गावावर बंदूकवाले चालून आले, घरे जळाली, तेव्हा ती घर सोडून निघाली. तिथपासून इथपर्यंतची सारी वाट तिने मला एकदा सांगितली. तिचे शब्द कळले नाहीत, तरी मध्ये मध्ये ती माझ्या मानेत तोंड खुपसत होती, त्यावरून पुष्कळ कळले. ते मी तुम्हाला सांगणार नाही. गाढवे चहाडी करत नाहीत.

इथे येऊन तिने आसरा मागितला. पण अर्ज पाहणाऱ्या कचेरीने तो नाकारला, कारण त्यांना तिची हकीकत जुळत नाही असे वाटले. घरातून किती जण निघालात, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, चार. सीमा किती जणांनी ओलांडली, असे विचारले तेव्हा म्हणाली, तीन. मग चौथा माणूस कोण? तो कुठे गेला? कलतुमा गप्प. कचेरीने ठरवले, की पोरगी कुणाला तरी लपवते आहे, नाहीतर सगळेच रचून सांगते आहे. त्या नकाराविरुद्ध न्यायाधीशांपुढे अपील करायचे होते. अपील हरले असते, तर कलतुमाला हा देश सोडावा लागला असता. एवढे मला मेव्हिसने सांगितले. मेव्हिस सगळे आम्हाला सांगते. तिचे म्हणणे, आम्ही मध्ये बोलत नाही.

अपिलाच्या पहिल्या दिवशी लिंडा तिला शहरात घेऊन गेली. परत आल्या तेव्हा कलतुमा सरळ माझ्याजवळ आली आणि माझ्या कुशीला टेकून गवतात बसली. लिंडा दाराशी मेव्हिसला सांगू लागली.

"एवढी मोठी खोली, आई! न्यायाधीश उंचावर, ही खाली मध्यभागी. दुभाषी फोनवर, तोही अरबीचा. हिला अरबी येते बाजारात मीठमिरची घेण्यापुरती. सरकारी बाजूच्या पेल साहेबांनी विचारलं, चौथा माणूस कोण. झालं. तोंडाला कुलूप."

"आणि न्यायाधीश? खेकसले असतील."

"नाही ना! त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, 'गप्प बसणं हा या मुलीचा दोष नाही. आपण तिला चुकीच्या खोलीत बसवलंय.' सुनावणी पुढे ढकलली. आणि मला विचारलं, ही मुलगी बोलते तरी कुठे?"

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं. म्हटलं, साहेब, ही एका गाढविणीशी बोलते."

मेव्हिस गवताच्या पेंढीवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "आणि ते हसले नाहीत?"

"नाही. त्यांनी लिहून घेतलं."

पुढच्या आठवड्यात कलतुमाची वकील आली. बेथन तिचे नाव, वेल्सची, बोलताना हात फार हलवायची. ती कुंपणाबाहेर उभी राहून कलतुमाला माझ्याशी बोलताना पाहत राहिली. तिच्या गळ्यात हिरवी लोकरीची शाल होती. हिरवे दिसले, की मला राहवत नाही. शालीचे एक टोक माझ्या पोटात गेल्यावर तिला कळले.

"राहू दे," ती म्हणाली. "मावशीनं विणलेली आहे. मला कधी आवडलीच नाही. हबोबा मेव्हिस, एक विचारू? न्यायाधीश म्हणतात, मुलीनं इथूनच बोलावं. ते शहरात बसतील, आम्ही इथे संगणक लावू. चालेल?"

"कोर्ट? माझ्या तबेल्यात?" मेव्हिसने कमरेवर हात ठेवले. "शेण कोण काढणार?"

"मी काढते," बेथन म्हणाली.

आणि तिने खरेच काढले. चांगल्या बुटांनिशी. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असे तुम्ही म्हणता. मी म्हणते, हरी असा असेल, तर गाढवालाही पाय पुढे करायला आनंदच वाटतो.

सुनावणीच्या सकाळी मेव्हिसने मला आंघोळ घातली. मला ती मुळीच आवडत नाही, पण प्रसंग ओळखून मी सोसली. तबेल्याला लागून खोगिरे ठेवायची एक छोटी खोली आहे. मधल्या दाराचा वरचा अर्धा भाग उघडा असला, की माझी मान आरामात आत जाते. खोलीत जुने टेबल, त्यावर संगणक, कोपऱ्यात शेगडी. कलतुमाच्या एका बाजूला लिंडा, दुसऱ्या बाजूला इद्रीस, टेबलाच्या कडेला कागद घेऊन बेथन. इद्रीस हे मसालित बोलणारे म्हातारे गृहस्थ, पूर्वी शाळामास्तर होते. या वेळी न्यायाधीशांनी फोनवरचा नाही, समोर बसणारा दुभाषी मागवला होता. इद्रीस दारातून आत आले आणि त्यांनी आमच्या भाषेत नव्हे, तिच्या भाषेत कलतुमाची विचारपूस केली. पोरीची पाठ एकदम सरळ झाली.

पडद्यावर आधी एक नाक दिसले. मग ते मागे गेले आणि नाकामागचा माणूस दिसला. उंच, टकला आणि सर्दी झालेला. हे न्यायाधीश थ्वेट. त्यांच्या शेजारी टाय आवळलेले पेल साहेब. या वेळी दोघेही एकाच साध्या टेबलाशी बसले होते, शेजारी शेजारी.

"कलतुमा," थ्वेट म्हणाले, "मी न्यायाधीश आहे. माझं काम नीट ऐकायचं आणि मग ठरवायचं. पेल साहेबांचं काम प्रश्न विचारायचं. ते तुझे शत्रू नाहीत. बेथन तुझ्या बाजूनं बोलेल. इद्रीस साहेब तुझं आम्हाला आणि आमचं तुला सांगतील, पदरचं काही घालणार नाहीत. प्रश्न कळला नाही तर 'कळला नाही' म्हण. उत्तर माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हण. ते उत्तरही चालतं. दमलीस तर हात वर कर. कबूल?"

कलतुमाने मान हलवली.

"आता तुला मला काही विचारायचंय?"

असे तिला आजवर कुणी विचारले नव्हते. तिने थोडा विचार केला आणि इद्रीसना काही सांगितले. इद्रीस खाकरले.

"ती विचारतेय, तुम्ही कधी गाढव पाळलंय का?"

"नाही गं," थ्वेट म्हणाले. "एक मांजर होतं. पण त्यानं मला पाळलं होतं."

ते मसालितमध्ये तिच्यापर्यंत पोचले आणि कलतुमा फिसकन हसली. तिचे हसणे ऐकून मलाही राहवेना. शिवाय इतक्या ओळखी झाल्या, पण माझी कुणी करून दिली नव्हती. मी मान आत घातली आणि पोटापासून एक साद दिली. शेगडीवरची किटली थरथरली.

"हे काय होतं?" पेल साहेब खुर्चीतून अर्धे उठले.

"ती साक्षीदार आहे का?" थ्वेटनी अगदी गंभीरपणे विचारले.

इद्रीस भाषांतर करणार, एवढ्यात कलतुमा स्वतःच इंग्रजीत म्हणाली, "नाही साहेब. शेजारीण आहे."

मग सुनावणी सुरू झाली. बेथनने आधी सोपे विचारले. गाव कसे होते, विहीर कुठे होती, शाळा कुणाची होती. कलतुमा हळूहळू बोलत होती. अडली, की तिचा हात माझ्या कपाळावर येई. एकदा तिने हात वर केला, तेव्हा सगळे थांबले आणि मेव्हिसने चहा आणला. मेव्हिसने पडद्यालाही विचारले, "साहेब, तुमच्या सर्दीवर काही घेताय की नाही?" थ्वेट म्हणाले, "बाई, हे कामकाजात लिहिलं जातंय." मेव्हिस म्हणाली, "लिहा की. आलं आणि मध, असं लिहा."

आणि मग पेल साहेबांनी तोच प्रश्न काढला.

"तू म्हणालीस, घरातून चार जण निघालात. नंतर म्हणालीस तीन. चौथं माणूस कोण होतं, ते कुठे गेलं आणि तू ते का लपवतेस?"

"पेल साहेब," थ्वेट म्हणाले, "हे तीन प्रश्न झाले. आणि तिसऱ्यात तर तुम्ही उत्तरही देऊन टाकलंत. एकेक विचारा."

पेल साहेब जरा लाल झाले. "बरं. चौथं कोण होतं?"

कलतुमा गप्प झाली.

मित्रांनो, मला वाटले, संपले. पुन्हा तेच कुलूप. लिंडाने डोळे मिटले. बेथनचे हलणारे हात मांडीवर घट्ट बसले. पण पडद्यावरचे थ्वेट काहीच बोलले नाहीत. त्यांनी रुमाल काढून नाक पुसले. चष्मा पुसला. पुन्हा नाक पुसले. घाई करणाऱ्या माणसाचे एक लक्षण असते, तो श्वास जोरात सोडतो. त्यांनी तसा एकदाही सोडला नाही. बाहेर समुद्रपक्षी ओरडत होते. शेगडी टकटक करत होती.

कलतुमाने माझ्याकडे पाहिले. मग ती म्हणाली, "असल."

इद्रीस गोंधळले. "साहेब, ती म्हणतेय... मध. हा अरबी शब्द आहे. असल म्हणजे मध."

"मध?" पेल साहेबांनी विचारले. "तो सर्दीचा विषय अजून चालू आहे का?"

आता कलतुमा बोलू लागली. आधी थांबत थांबत, मग इतके भरभर, की इद्रीसना हात जोडून तिला थांबवावे लागले. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"असल आमची गाढवीण होती. मला विचारलं, घरातून किती जण निघालात. आम्ही चौघं निघालो. माझी हबोबा, माझा धाकटा भाऊ बखीत, मी आणि असल. हबोबाला चालता येत नव्हतं, तिला असलनं वाहिलं. बखीत दमला की त्यालाही. पाणी तिनंच वाहिलं. तिला मोजायचं नाही, तर मग कुणाला मोजायचं? सीमेजवळ कोरड्या नदीत बंदूकवाल्यांनी तिला माझ्या हातातून ओढून नेलं. म्हणून पलीकडे गेलो ते तिघं. पुढे तिचं काय झालं, मला खरंच माहीत नाही."

थ्वेटनी हळूच विचारले, "आणि हे आधी का सांगितलं नाहीस, बाळ?"

"त्या वाटेवर माणसं मेली, साहेब. आणि मी गाढविणीसाठी रडते. तुम्ही हसला असता."

कुणी हसले नाही. कचेरीत, कोर्टात, फोनवर या मुलीला किती जण होतात हे सगळ्यांनी विचारले होते. कोण कोण होतात, हे कुणीच विचारले नव्हते. आणि ती मला ज्या नावाने रोज हाक मारत होती, ते लाडाचे नाव नव्हते. ते कुणाची तरी आठवण होती. मला त्याचा राग आला नाही, मित्रांनो. काकवीला मधाचे नाव मिळाले, तर काकवीने तक्रार कशाला करावी?

पेल साहेबांनी समोरचे कागद बाजूला सारले. "माझे प्रश्न संपले," ते म्हणाले. मग जरा घुटमळले. "एक आहे. पण तो कामाचा नाही. दिसायला कशी होती ती?"

"राखाडी रंगाची. नाक पांढरं," कलतुमा म्हणाली, आणि तिचे तोंड उजळले. "फार खोडकर. हबोबाची ओढणी खायची."

"यांचं खानदानच तसं दिसतंय," बेथन पुटपुटली.

निकाल लगेच लागत नाही. थ्वेटना सगळी कागदपत्रे पाहायची होती, दारफूरची माहिती असणाऱ्यांचे अहवाल वाचायचे होते. ते दिवस फार लांब गेले. कलतुमा मला इतका खरारा करी, की माझे केस विरळ होतात की काय, अशी मला भीती वाटू लागली. शेवटी निकाल तयार झाला, तेव्हा त्याची लांबलचक भाषा वकिलासाठी ठेवून, पोरीला कळेल अशा शब्दांत सांगायला थ्वेट स्वतः पुन्हा पडद्यावर आले. या वेळी सर्दी नव्हती.

"कलतुमा, मी सगळं ऐकलं आणि सगळं वाचलं. तू खरं सांगितलंस, असं मला वाटतं. चार आणि तीन, दोन्ही आकडे बरोबर होते. तू परत गेलीस तर तुझ्या जिवाला धोका आहे. म्हणून तुला इथे आसरा मिळाला पाहिजे, असा मी निकाल दिला आहे. त्याविरुद्ध पुढे अपील करणार नाही, असं पेल साहेबांच्या बाजूनं कळवलंय. कळलं का?"

तिने इद्रीसकडे पाहिलेच नाही. तिला कळले होते.

"साहेब, असलचं नाव आहे त्यात?"

"आहे. दोनदा आहे."

लिंडा रडली, बेथन रडली, मेव्हिस म्हणाली, "मी रडत नाहीये, गवताची धूळ आहे," आणि सर्वांत जास्त रडली. मी ओरडले. माझ्या मागून कुरणातल्या साऱ्या गाढविणी ओरडल्या. कलतुमा अनवाणी कुरणात धावत सुटली, चिखलात घसरून पडली, आणि तशीच पाठीवर पडून आभाळाकडे बघून हसत राहिली. संध्याकाळी लिंडाच्या अंगणात जेवण झाले. कलतुमाने असीदा, म्हणजे तिच्याकडचा पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि भेंडीची आमटी केली. मेव्हिसने तळलेले मासे आणि बटाटे मागवले. इद्रीस असीदा चमच्याने खाणाऱ्या बेथनला रागे भरले, "पोरी, बोटं कशाला दिलीत देवानं?"

दुसऱ्या दिवशी आणखी एक मजा झाली. कलतुमाची खरी हबोबा आणि बखीत सुदानच्या सीमेपलीकडच्या छावणीतच राहिले होते. तिथून हबोबाचा फोन आला, चेहरा दिसणारा. मागे बखीत उड्या मारत होता. कलतुमाने फोन माझ्यासमोर धरला. सुरकुतलेल्या चेहऱ्याची ती म्हातारी मला बराच वेळ न्याहाळत राहिली आणि मग काहीतरी तावातावाने बोलली. कलतुमा हसून हसून वाकली.

"काय म्हणतेय गं?" मेव्हिसने विचारले.

"म्हणतेय, ही गाढवीण आहे की पाण्याचं पिंप? काम देता की नुसतंच चारता?"

"सांग तिला, निवृत्त आहे ती!" मेव्हिस फोनवर ओरडली. "आणि म्हणावं, तुमच्या नातीनंच गाजरं खाऊ घालून फुगवलीय!"

दोन्ही हबोबा एकमेकींच्या भाषेतले अक्षर न कळता पुष्कळ वेळ भांडल्या. आता दर रविवारी भांडतात. एकीचा फोन उशिरा आला, तर दुसरी काळजी करते.

थ्वेट साहेब आता प्रत्येक मुलाला आधीच विचारतात, तुला कुठे बसून बोलायला बरे वाटेल? एका मुलाने ग्रंथालय मागितले, एकाने फुटबॉलच्या मैदानाशेजारची खोली. एका मुलीने सांगितले, की तिला ती मोठी खोलीच हवी, कारण तिची गोष्ट मोठी आहे. तिला मोठी खोली मिळाली. आमच्या तबेल्यातही आणखी दोघे येऊन गेले. त्यांच्याशेजारी कलतुमा बसली होती. तिला आता जनावरांची डॉक्टर व्हायचे आहे. सरावाला मी आहेच.

मित्रांनो, आता माझे एवढेच ऐका. माझ्या जातीला सारे जग हट्टी म्हणते. चालता चालता आम्ही मध्येच थांबतो, हे खरे आहे. पण गाढव उगाच थांबत नाही. पुढची वाळू पायाखाली खचेल असे वाटले, की ते थांबते. अशा वेळी बहुतेक माणसे मागे काठी शोधतात. एखादाच शहाणा पुढे येतो, आमच्याशेजारी उभा राहतो, आणि आम्ही जिकडे बघत असतो तिकडे बघतो.

एखादे मूल बोलता बोलता थांबले, तर तुम्ही तो शहाणा माणूस व्हा. त्याला खोटे म्हणायची घाई करू नका. त्याच्याशेजारी बसा, त्याच्या भाषेत विचारा, आणि मग गप्प राहा. नाक पुसा, चष्मा पुसा, हवे ते करा, पण थांबा. ते बोलेल. फक्त त्याला कानामागे खाजवत बसू नका. ते आम्हालाच आवडते.